चौथी खाच

शनिवार, १२ डिसेंबर २०२०

योप आला होता. आत आला नाही. दाराबाहेर दीड मीटरवर, पावसात उभा राहून बोलला.

योप आमच्या रस्त्याच्या संघटनेचा अध्यक्ष आहे. आल्मेरे शहराच्या या टोकाला जमीन घेणाऱ्यांनी घर बांधायचं, भाजी लावायची आणि रस्ताही आपला आपणच सांभाळायचा असा नियम आहे. अकरा घरं, चारशे मीटर रस्ता. खेमेंतेची, म्हणजे नगरपालिकेची, बर्फावर मीठ टाकणारी गाडी इथे वळत नाही. बर्फ पडला की माझा नवरा देवदत्त बागेच्या ट्रॅक्टरला पुढून लोखंडी पातं लावतो आणि रस्ता मोकळा करतो. चार हिवाळे त्यानेच केलं.

योप म्हणाला, "या वर्षी कंत्राटदाराला सांगू. देवला त्रास नको."

मी हो म्हणणार होते. देवदत्त मागे सोफ्यावर होता. उठून दारात आला.

"मी करीन."

"देव, पातं जड आहे."

"माहीत आहे. चार वर्षं कोण उचलतंय?"

योपने टोपीवरचं पाणी झटकलं. मग म्हणाला, ठीक आहे. पहिला बर्फ पडेल त्या दिवशी सकाळी दहाला बघू. रस्ता मोकळा असेल तर तुझा. नसेल तर मी फोन करणार, आणि कंत्राट पाच वर्षांचं असतं.

देवदत्त कोविडने चोवीस दिवस अतिदक्षता विभागात होता. मे महिन्यात घरी आला. त्यानंतर आज पहिल्यांदा त्याने "मी करीन" म्हटलं. एरवी "बघू" म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही.

जिना चढून वर गेला तेव्हा मधल्या पायरीवर थांबला. ऑक्सिजन ९४.

मी ठरवलं आहे. पातं उचलण्याची सोय मी करते. त्याने फक्त बसायचं आणि चालवायचं.

रविवार, १३ डिसेंबर

सकाळ गराजमध्ये. ट्रॅक्टरच्या उजव्या बाजूला हाताचा दांडा आहे. तो मागे ओढला की पुढचं पातं वर येतं. दांड्याच्या बाजूला चार खाचा. पहिल्या खाचेत पातं जमिनीपासून जरा सुटतं, चौथीत पूर्ण वर. दांड्याच्या टोकाला खटका, तो दाबला की पातं खाली. रस्ता साफ करताना प्रत्येक टप्प्याला पातं उचलायचं, मागे यायचं, खाली टाकायचं. चारशे मीटरला निदान साठ वेळा.

वजन मोजायला काही नव्हतं. मग सामानाचा काटा आठवला, पुण्याला जाताना बॅगा तोलायचा. कपाटात वरच्या बॅगेत होता. दांड्याला अडकवून ओढला. काट्याने तेवीसपर्यंत दाखवलं आणि पातं हललं. तेवीस किलो. एका बॅगेचं वजन. एवढ्यावर आपण विमानतळावर भांडतो.

देवदत्तला काटा दाखवला. "बघ, तेवीस. साठ वेळा."

"हं."

"मी काहीतरी करते त्याचं."

"कर."

त्याला उत्साह वाटेल असं मला वाटलं होतं.

मंगळवार, १५ डिसेंबर

आजपासून दुकानं बंद. हार्डवेअरचंही. आधी ऑर्डर द्या, मग दाराशी येऊन घ्या. दाराशी रांग.

मी इंग्लंडमधून ॲक्च्युएटर मागवला. बटण दाबलं की लांबणारी आणि आखडणारी विजेची नळी. बॅटरीवर चालते. ती दांड्याच्या जागी बसेल. तीन दिवसांत येईल असं लिहिलं आहे.

दुपारी तो कुकर उचलायला गेला. मी हातातून घेतला. "राहू दे, मी करते." तो ओट्यापासून बाजूला झाला. हल्ली ऐकतो.

मंगळवार, २९ डिसेंबर

नळी आलेली नाही. माग काढण्याच्या पानावर गेले आठ दिवस एकच ओळ: वाहतुकीत. माझ्या ऑफिसमध्ये असं कुणी लिहिलं तर मी विचारते, वाहतुकीत म्हणजे कुठे.

देवदत्तच्या कंपनीच्या डॉक्टरने फोनवर सांगितलं, जानेवारीपासून आठवड्याला आठ तास काम. घरून. चार दिवस दोन-दोन तास. देवदत्तने विचारलं, दहा का नाही. डॉक्टर म्हणाला, आधी आठ. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ कोऱ्या स्क्रीनकडे बघत बसला. मी त्याच्या पाठीमागे उशी सारली.

मंगळवार, ५ जानेवारी २०२१

नळी कस्टममध्ये अडकली. एक जानेवारीपासून इंग्लंड कस्टमसाठीही परदेश झालं. एक फॉर्म हवा आहे, जो पाठवणाऱ्याने भरायचा. पाठवणारा म्हणतो, तो वाहतूक कंपनी भरते. वाहतूक कंपनीचा फोन पंचेचाळीस मिनिटं गाणं वाजवतो आणि बंद होतो.

मी मंगळवारी आणि गुरुवारी डेल्फ्टला ऑफिसात जाते, बाकी दिवस घरून. जागेवर यावंच लागतं अशा थोड्या लोकांत माझं नाव आहे. गाडीच्या डब्यात आज मी एकटी. दीड तास कस्टमच्या वेबसाइटवर.

शनिवार, ९ जानेवारी

नळीची वाट बघणं सोडलं. स्प्रिंग वापरायच्या. स्प्रिंगला फॉर्म लागत नाही.

मोजमापासाठी पातं वर हवं. गाडीचा जॅक खाली लावून ते चौथ्या खाचेपर्यंत चढवलं आणि दांडा अडकवला. जॅक काढला. पातं राहिलं. खडूने खूण केली.

देवदत्त गराजच्या दारात येऊन उभा राहिला.

"जॅक कशाला?"

"मग कशाने उचलू?"

थंडी होती. मी त्याला आत पाठवलं.

मंगळवार, १२ जानेवारी

डेल्फ्टहून आले तर पातं खाली. पार जमिनीवर. शनिवारपासून चौथ्या खाचेत होतं, काल संध्याकाळपर्यंत. म्हणजे आज दिवसभरात सुटलं. खाचा झिजल्या असाव्यात.

"तू हात लावलास का?" मी विचारलं.

"मी कशाला लावू?"

खरं आहे. त्याच्याने ते हलणारही नाही. पण असं आपोआप सुटणारं पातं त्याच्या पायावर पडलं तर? पुन्हा जॅकने वर घेतलं.

गुरुवार, १४ जानेवारी

संक्रांत. काल रात्री तिळाचे लाडू केले. डेल्फ्टहून परतले तेव्हा डब्यात नऊच उरले होते, सतरापैकी. इतक्या महिन्यांत त्याला भूक लागलेली पाहिली नव्हती.

पातं परत खाली.

आईंचा नाशिकहून फोन. म्हणजे सासूबाईंचा, पण मी आईच म्हणते.

"काय गं, तो ट्रॅक्टर-बिक्टर चालवणारे म्हणे?"

"चालवणार, आई. उचलणार नाही. उचलायची सोय मी करतेय."

"बघ हं मंजूषा. त्याला काही उचलू देऊ नकोस. इथे शेजारच्या सुहासिनीचा नवरा चांगला बरा झाला होता, बादली उचलली आणि बसला छाती धरून."

"नाही देणार, आई."

"माझा देव परत आलाय तो तुझ्यामुळे. मी सगळ्यांना सांगते."

देवदत्त शेजारीच बसून ऐकत होता. त्याने फोन मागितला. "आई, लाडू मस्त झालेत," एवढंच म्हणाला. नंतर विचारलं, "सुहासिनीचा नवरा पंच्याऐंशीचा होता ना?" देवदत्तला एकोणपन्नास पूर्ण होतील मार्चमध्ये. वयाचा प्रश्न नाही.

सोमवार, १८ जानेवारी

आता रोज नोंद ठेवते आहे. सकाळी चौथ्या खाचेत असतं, जेवणानंतर बघते.

शुक्रवार: खाली.
शनिवार, रविवार: मी घरात, गराजमध्ये बराच वेळ. सुटलं नाही.
आज: पहिल्या खाचेत.

आज सकाळी माझी तीन तास मीटिंग होती. खाचेचा कोन मोजला, ठीक आहे. मग सुटतं का? आणि सुटल्यावर पहिल्या खाचेत अडकतं कसं? वजन खाली येताना मध्ये थांबायला हवं असं काही नाही.

कुठल्याही यंत्रात एवढी अनिश्चितता मला सहन होत नाही.

मंगळवार, १९ जानेवारी

भांडण झालं. कशावरून, ते लिहायलाही लाज वाटते. धुतलेल्या कपड्यांची टोपली.

तो वर नेत होता. मी म्हटलं, दे इकडे. तो म्हणाला, नेतो. मी टोपली धरली. त्यानेही धरली. आम्ही दोघं जिन्यात टोपली धरून उभे.

"टॉवेल आहेत, मंजू. टॉवेल."

"ओले आहेत. ओले जड असतात."

"किती? तेवीस किलो?"

टोपली सोडून तो खाली गेला. मी वर नेली. वाळत घालताना लक्षात आलं की मला रडू येत आहे. नऊ महिने मी एकटी सगळं करते आहे. त्याचे बूट बांधते, वाकलं की त्याला दम लागतो म्हणून. ऑफिस, घर, पुण्याचे फोन, नाशिकचे फोन. त्याने निदान टोपलीवरून भांडू नये.

पातं: दुसऱ्या खाचेत.

गुरुवार, २१ जानेवारी

शनिवारपासून रात्री नऊनंतर बाहेर पडायला बंदी. घरात दिवसाला एकच पाहुणा.

त्याच्या उजव्या खांद्याला बामचा वास येत होता. विचारलं तर म्हणाला, झोपेत आखडला. म्हणजे स्नायू अजून किती कमजोर आहेत. झोपूनही दुखतात. मला घाई करायला हवी.

तळहातावर फोड आहे. लसूण ठेचताना आला म्हणतो. लसूण ठेचून कुणाला फोड येतो?

पातं: दुसरी खाच. घसरण कमी होते आहे. थंडीने ग्रीस घट्ट झालं असावं.

रविवार, २४ जानेवारी

योपने त्याच्या जुन्या गराजच्या दाराच्या दोन स्प्रिंग दिल्या. हाताच्या लांबीच्या, जाड, उत्तम. ब्रॅकेटही त्याने जोडून आणली. वाकडी. मी दीड अंश म्हटलं, तो म्हणाला, "हे ट्रॅक्टर आहे, मंजूषा. चंद्रावर जायचं नाही." मी तिथेच कानशीने घासायला बसले. आजचा एक पाहुणा म्हणून योप खुर्ची घेऊन दाराशी बसला.

त्याने विचारलं, "देवचं मत काय?"

"कशाबद्दल?"

"याबद्दल. पातं तो चालवतो."

"त्याला आणखी कशाला त्रास द्यायचा?"

योपने कॉफी संपवली. म्हणाला, त्याची बायको गेली त्या वर्षी त्याच्या मुलींनी त्याच्या कोंबड्या विकून टाकल्या. त्याला त्रास नको म्हणून. सत्तावीस कोंबड्या होत्या. मी म्हटलं, बरं झालं, कोंबड्यांचं फार करावं लागतं. तो हसला. का, ते कळलं नाही.

गुरुवार, २८ जानेवारी

पातं: तिसरी खाच.

देवदत्त आज शांत झोपला. मी घरी आले तेव्हा साडेसहालाच झोपला होता, सोफ्यावर, तोंड उघडं. ऑक्सिजन ९६. कामाच्या दोन तासांनीही इतका थकतो. कंपनीच्या डॉक्टरला लिहायला हवं की आठ तास जास्त होतात.

शनिवार, ३० जानेवारी

झालं.

दोन्ही स्प्रिंग बसवल्या. एक टोक चौकटीला, एक दांड्याच्या खालच्या बाजूला, मध्ये ताण कमीजास्त करायला आट्याचा बोल्ट. सकाळी दहाला सुरुवात, दुपारी चारला काट्यावर शून्य. तेवीसचं शून्य. दांडा कुठेही सोडला तर तिथेच राहतो. पातं एका बोटाने वर, एका बोटाने खाली.

ऑफिसमध्ये मी हेच करते. बारा किलोचा एक भाग असतो, तो मोटरला पिसासारखा वाटला पाहिजे. त्याखाली चुंबकं असतात, वजन ती घेतात. सोळा वर्षं मी वजनं नाहीशी करते आहे. पण इतका आनंद कधी झाला नव्हता.

पात्याखाली कागद सरकवून पाहिला. दोन्ही टोकांना सारखा सहज सरकतो. एकदम समांतर. वाकड्या ब्रॅकेटसकट.

आज सुरू करताना पातं चौथ्या खाचेतच होतं, काल ठेवलं तिथे. अजिबात घसरलं नाही. काल मी सहा तास मीटिंगमध्ये होते, तरीही. खाचा बसल्या असाव्यात.

रविवार, ३१ जानेवारी

देवदत्तला गराजमध्ये नेलं. त्याला सीटवर बसवलं. म्हटलं, एक बोट लाव.

त्याने पूर्ण हात दांड्यावर ठेवला, घट्ट, आणि ओढला. दांडा फटकन मागे आला, तो सीटवर मागे कलंडला. मी धरलं.

"सांगितलं ना, एक बोट!"

त्याने मग एका बोटाने केलं. वर. खाली. वर. त्याच्या चेहऱ्याकडे मी बघत होते. तेरा वर्षं झाली लग्नाला, पण मला तो चेहरा वाचता आला नाही.

"छान आहे," तो म्हणाला.

"छान?"

"खूपच छान आहे, मंजू. बर्फात चालेल?"

"का नाही चालणार?"

"सहज विचारलं."

उतरला आणि आत गेला. मी पाने-पक्कड डब्यात लावत बसले. सात आठवडे. सात आठवडे एका "छान"साठी. उपकार नकोत मला. पण माणूस निदान विचारतो, कसं केलंस. मी सांगितलं असतं.

संध्याकाळी जेवला नाही नीट.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

हवामानखात्याचा इशारा. शनिवारी रात्रीपासून बर्फ, पूर्वेचा वारा. दहा वर्षांत पडला नाही इतका बर्फ.

संघटनेच्या ग्रुपवर योप: "देव तयार?" देवदत्तने अंगठा पाठवला. मी खाली लिहिलं की यंत्रणा तपासलेली आहे. त्यावर कुणीतरी टाळ्या पाठवल्या.

पुन्हा सगळे बोल्ट आवळले. ट्रॅक्टरच्या चाकांना साखळ्या त्याने बांधल्या. मी मदतीला गेले तोवर झाल्या होत्या.

रविवार, ७ फेब्रुवारी

लाल इशारा. गाड्या बंद. बर्फ आडवा येतो आहे. समोरचं घर दिसत नाही. योपने लिहिलं, आज कुणी बाहेर पडू नये, दहाची वेळ उद्याची.

देवदत्त दिवसभर खिडकीशी. मी तीन वेळा ऑक्सिजन मोजला. चौथ्यांदा त्याने बोट दिलं नाही.

आई फोनवर: "त्याला आज बाहेर सोडू नकोस." सोडू नकोस. तो बाजूलाच होता.

सोमवार, ८ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहिते.

सात वाजता वारा पडला होता. उणे सहा. कुंपणाशी बर्फ मांडीपर्यंत, रस्त्यावर घोट्याच्या वर, त्यावर वाऱ्याने बसवलेला कडक थर. साडेसातला देवदत्त बाहेर. बूट त्याने आधीच घातले होते. मी माझा कोट चढवेपर्यंत ट्रॅक्टर सुरू झाला होता.

फाटकाबाहेर त्याने एका बोटाने पातं खाली सोडलं आणि पुढे गेला. पातं बर्फावर चढलं. वरचा भुसभुशीत थर थोडा बाजूला झाला, खालचा तसाच. तो मागे आला, पुन्हा गेला. पातं पुन्हा वर. रस्त्यावर कागद सरकवावा तसं सरकत होतं. तिसऱ्यांदा पातं बर्फावरून घसरून वाकडं झालं आणि ट्रॅक्टर आडवा.

मी धावत गेले. म्हटलं, वेग कमी ठेव. म्हटलं, कोन बदल. त्याने इंजिन बंद केलं.

"मंजू, ते टेकत नाहीये."

"टेकतंय. मी कागद लावून बघितलंय."

"टेकतंय, पण दाबत नाहीये. ते वजनाने खरवडतं गं. आपण वजन काढून टाकलं."

आपण म्हणाला. मी काढलं होतं. सोळा वर्षांच्या सवयीने, शेवटच्या ग्रॅमपर्यंत. आणि पातं चार हिवाळे ज्याने चालवलं त्याला मी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"हे तुला आधी कळलं होतं?"

"त्या रविवारी. बोट लावलं तेव्हा."

"मग बोलला का नाहीस!"

"तू किती खूश होतीस." मग थोड्या वेळाने, "आणि विचारलंस का तू?"

सव्वाआठ. त्याने हात पुढे केला. "सतरा नंबरचा पाना."

मी म्हटलं, ताण अर्धा करू. बोल्ट सैल करते. अर्धं वजन स्प्रिंग घेईल, अर्धं राहील. दहा मिनिटांचं काम आहे.

"नको."

"तेवीस किलो आहे, देवदत्त! साठ वेळा! तुला मरायचंय का?"

"ओरडू नकोस. योप बघतोय."

योप खरंच त्याच्या फाटकात उभा होता. मी पाना दिला. त्याने दोन्ही स्प्रिंग सोडवल्या आणि बर्फात ठेवल्या. सीटवर बसला. डावा पाय रोवला, श्वास सोडला आणि दांडा ओढला.

चौथी खाच. एका ओढीत.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी गराजमधली नोंदींची पानं आठवत उभी राहिले. पहिली, दुसरी, दुसरी, तिसरी, चौथी. पाचवीतल्या पोरीलाही कळलं असतं.

मग तो गेला. पातं खाली पडलं तेव्हा आवाज झाला, लोखंडाचा, आणि बर्फ खालपर्यंत सुटून बाजूला वळला. काळा रस्ता दिसला. टप्पा, दांडा, मागे. टप्पा, दांडा, मागे. दर चार टप्प्यांनी थांबायचा. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसायचा. तोंडाची वाफ मोजता येत होती. माझ्या खिशात ऑक्सिमीटर होता. दोनदा मी पुढे निघाले आणि दोनदा त्याने हाताने थांबवलं, वळूनही न बघता.

नऊ वाजून वीस मिनिटांनी सातव्या घरापाशी तो थांबला. या वेळी हात स्टिअरिंगवर नव्हते. मांडीवर होते.

योप आणि मी दोघंही गेलो. देवदत्तचे ओठ पांढरे होते, पण तो बोलला नीट.

"झालं माझं."

योपने घड्याळ पाहिलं. चार घरं उरली होती. तो म्हणाला, "देव, हे खूप झालं. मी फोन करतो. कुणी काही म्हणणार नाही."

"फोन नको. चाळीस मिनिटं आहेत. आमच्याकडे अजून एक ड्रायव्हर आहे."

मला वाटलं तो योपबद्दल बोलतो आहे. दोघंही माझ्याकडे बघत होते.

"मला येत नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे. बस."

तो उतरला. योपच्या हाताचा आधार घेऊन कुंपणापर्यंत गेला आणि टेकला. मी सीटवर बसले. चालवणं अवघड नाही. पहिला टप्पा गेला. बर्फ बाजूला झाला, मला हसू आलं. मग दांडा.

मी तो कधी उचललाच नव्हता. काट्याने ओढला होता, जॅकने चढवला होता, स्प्रिंगने हलका केला होता. तेवीस हा आकडा मला पाठ होता. एका हाताने ओढला तर तो जागचा हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. पहिल्या खाचेजवळ आला आणि माझ्या हातून सुटला. खांद्यापासून मनगटापर्यंत झणझणलं.

योप पुढे आला. देवदत्तने त्याची बाही धरली, दीड मीटर वगैरे विसरून.

"राहू दे तिला."

"अरे, तिला..."

"राहू दे. मंजू, हाताने नको. डावा पाय रोव. पाठ सीटला लाव. पायाने ढकल, हात नुसता धरून ठेव."

मी पाय रोवला. सुटलं. परत.

"श्वास सोडून. ओढताना श्वास धरायचा नाही."

मला त्याचा राग आला. सात आठवड्यांचा, नऊ महिन्यांचा, सगळा. मी पाय रोवला, श्वास सोडला. दुसरी खाच. तेवढी पुरते मागे यायला. दुसऱ्या खाचेत मागे आले, पातं टाकलं, पुढे गेले.

दहा वाजता एक घर बाकी होतं. योपने घड्याळ काढलं, पाहिलं, बाहीखाली सारलं. माझ्याकडे आणि मग आकाशाकडे बघून म्हणाला की त्याचं घड्याळ थंडीत पुढे जातं. दहा वाजून दहा मिनिटांनी मी रस्त्याच्या टोकाला पोचले. मदतीला मध्ये कुणी आलं नाही.

परत येताना देवदत्त चालत होता, मी शेजारून ट्रॅक्टरवर, त्याच्या वेगाने.

"रोज?" मी विचारलं.

"तू मीटिंगमध्ये असलीस की."

"सांगायचं ना."

"तू जॅक आणला असतास."

मंगळवार, ९ फेब्रुवारी

डेल्फ्टच्या गाड्या आजही बंद. हात वर होत नाही, म्हणून थोडक्यात.

रात्री शेतांवरून पुन्हा वारा सुटला. सकाळी रस्ता मधल्या तीन घरांपाशी परत भरलेला. देवदत्त चहा घेऊन खिडकीशी आला. खांदे दुखत होते, त्याचेही, माझेही. आम्ही दोघं तिथे जरा वेळ उभे.

"मी पलीकडच्या टोकाने सुरू करतो," तो म्हणाला. "तू इकडून ये."

"ट्रॅक्टर एकच आहे."

"मग तू फावडं घे."